भेकराचा सुळा

हरणाला सुळे असतात, असं जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही चौकात म्हणून पाहा. ऐकणारा आधी आपल्याकडे निरखून बघेल आणि मग विचारेल, कुठल्या हरणाला? प्रश्न रास्त आहे. काळविटाला नसतात, चिंकाऱ्याला नसतात, चितळालाही सहसा नसतात. पण रावेर-यावलपासून चोपड्यावरून शिरपूरकडे सातपुड्याची जी रांग आपल्या उत्तरेला उभी आहे, तिच्या झाडोऱ्याच्या घळींमध्ये भेकर राहतं. नर भेकराच्या वरच्या ओठाखालून दोन्ही बाजूंना एकेक बाकदार सुळा बाहेर आलेला असतो. डोक्यावर शिंगं आणि तोंडात सुळे, ही दोन्ही शस्त्रं एकत्र बाळगणारं आपल्या भागातलं हे एकच हरीण.

या सुळ्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही मला मोलाची वाटतात. एक मत हाडांच्या आणि जनुकांच्या अभ्यासातून येतं, दुसरं जंगलातल्या पायपिटीतून. म्हणून ती मी दोघांच्या तोंडी घालतो. ताई जळगावच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. नाना शिरपूर तालुक्यातले, वनपाल म्हणून निवृत्त झालेले. दोघं या लेखापुरतीच आहेत, वाद मात्र खरा आहे.

ताई : नाना, माझं म्हणणं सरळ आहे. सुळा ही हरणांच्या घराण्यातली फार जुनी गोष्ट, शिंगांच्याही आधीची. या सगळ्या रवंथ करणाऱ्यांचे पूर्वज लहान चणीचे, झाडोऱ्यात एकेकटे राहणारे प्राणी होते. त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं, वरच्या जबड्यात सुळे होते. सह्याद्रीतली पिसोरी आजही तशीच आहे. शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे. हिमालयातला कस्तुरीमृगही तसाच. दोघंही खऱ्या हरणांच्या कुळातले नाहीत, पण जुनी ठेवण त्यांनी राखली. मग पुढे हरणांना शिंगं फुटली. फ्रान्समध्ये सान्साँ इथे एदुआर लार्ते यांनी एकोणिसाव्या शतकात जे जीवाश्म शोधले, त्यांत डायक्रोसेरस नावाचं एक हरीण होतं. काळ साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचा. लांब खुंटांवर साधी दुफाटा शिंगं, आणि तोंडात सुळे. आता भेकराचं डोकं डोळ्यांसमोर आणा. कपाळापासून निघालेले केसाळ लांब खुंट, त्यांवर आखूड शिंगं, आणि सुळे.

नाना : म्हणजे भेकर मागे राहिलं, असं म्हणू राहिल्या तुम्ही.

ताई : भेकर नाही, सुळा मागे राहिला. शिंगं वाढत गेली तसे सुळे आटत गेले. सांबराच्या जबड्यात छोटा बोथट सुळा सापडतो, तो ओठाबाहेर डोकावतही नाही. युरोपातल्या तांबड्या हरणाचं तेच. चितळात तोही बहुधा गेला. या सगळ्यांची ओळ लावली की मोठ्या सुळ्याकडून सुळा नसण्याकडे जाणारी वाट दिसते, आणि भेकर त्या वाटेच्या सुरुवातीला उभं आहे.

नाना : ओळ तुम्ही टेबलावर लावली. रानात तशी ओळ नसते. मला एकच सांगा. आटायचाच होता, तर एवढ्या काळात भेकराचा का आटला नाही? दीड कोटी वर्षं काही थोडी झाली नाहीत. बिनकामाची गोष्ट एवढी टोकदार, एवढी धारदार राहते का? तो सुळा मागच्या कडेने सुरीसारखा असतो. मेलेल्या भेकराचा पंचनामा करताना बोट लागलं तर कळतं.

ताई : काम आहे हे मी नाकारत नाही...

नाना : थांबा, काम काय ते नीट सांगू द्या. दोन नर भांडतात तेव्हा आधी शिंगाला शिंग लागतं. भेकराचं शिंग आखूड, टोकाला आत वळलेलं. त्याने भोसकता येत नाही, पण समोरच्याचं डोकं अडकवून मान पिळता येते. समोरच्याचा तोल गेला, मान उघडी पडली, की त्याच क्षणी सुळा चालतो. मानेवर, गालावर, कानावर. म्हातारा नर बघा, कान फाटलेले असतात. शिंगं दरवर्षी गळतात, नवी येईपर्यंत डोक्यावर नुसते खुंट. त्या काळात त्याच्याकडे काय असतं? सुळा. कुत्री मागे लागली तरी तोच. गावातली चार कुत्री एका नरावर धावून गेली आणि त्यातलं एक पोट फाडून घेऊन परत आलं, असं आमच्याकडे जुने लोक सांगतात, आणि ते मला खोटं वाटत नाही.

ताई : तुम्ही जे सांगितलंत ते छापूनही आलं आहे. श्रीलंकेतल्या विल्पट्टूत ज्यांनी भेकरांचा अभ्यास केला, त्या सिरिल बारेत यांनी 1977 मध्ये भेकरांच्या लढाईवर शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणंही हेच, की शिंग प्रतिस्पर्ध्याला हलवण्यासाठी आणि जखम करण्यासाठी सुळा. शिंगांची सुरुवात कशी झाली असेल, याचा धागा त्यांनी भेकराच्या या लढाईतून शोधला. म्हणजे शिंग आधी सुळ्याचं मदतनीस होतं आणि पुढे मालक झालं.

नाना : मग झालं की. छापलंय तर तुम्हीच माना.

ताई : मानते. पण एक गोष्ट मला खटकत होती. भेकराचा सुळा जबड्यात पक्का नसतो, थोडा हलतो. मला वाटायचं, सैल झालेला दात म्हणजे जाण्याच्या वाटेवरचा दात.

इथे ताईंनी स्वतःच्याच मुद्द्याविरुद्ध जाणारा पुरावा पुढे ठेवला, आणि मला तो या वादातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. 1946 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एचिसन नावाच्या संशोधकाने भेकर आणि चिनी पाणहरीण यांच्या सुळ्यांवर लिहिलं. हे सुळे बिजागरीवर बसवल्यासारखे असतात. चरताना मागे कलतात, म्हणून लांब दात असूनही पाला ओरबाडायला अडचण होत नाही. लढाईच्या वेळी पुढे उभे राहतात. सैलपणा हा दोष नव्हता, ती रचनाच होती. शस्त्र तोंडात असेल तर त्याच तोंडाने खायचं कसं, हा प्रश्न या प्राण्यांनी असा सोडवला.

नाना : बघा. हलतो तो यासाठी.

ताई : आता पाणहरणाचंही ऐका, कारण तिथे माझी बाजू आणखी अडचणीत येते. चीन-कोरियातलं हे हरीण. नराला शिंगं अजिबात नाहीत आणि सुळे एवढे लांब की फोटो पाहणाऱ्याला बनावट वाटतो. आमच्या जुन्या पुस्तकांत ते सर्वांत आदिम हरीण म्हणून असायचं. शिंगं यायच्या आधीचा नमुना. पुढे जनुकं तपासली तेव्हा ते थेट रो हरणाच्या शेजारी जाऊन बसलं, म्हणजे शिंगवाल्यांच्या घरातच. 2019 मध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. शिंगांशी संबंधित आरएक्सएफपी-2 नावाचं जनुक पाणहरणात निकामी झालेलं सापडलं. कस्तुरीमृगातही निकामी, पण वेगळ्या वाटेने. म्हणजे पाणहरणाच्या पूर्वजांना शिंगं होती. ती गेली आणि त्याचा भार सुळ्यांनी उचलला.

नाना : म्हणजे तुमची ती वाट दोन्ही बाजूंनी चालते.

ताई : हो. सुळ्याकडून शिंगाकडे जाता येतं आणि शिंगाकडून सुळ्याकडे परतताही येतं. दाट झाडीत एकट्याने राहणाऱ्या लहान प्राण्याला फांद्यांत अडकणाऱ्या मोठ्या शिंगापेक्षा सुळा परवडतो. माळावर कळपाने राहणाऱ्याला दुरून दिसणारं शिंग उपयोगी. एवढं मी कबूल करते. पण वारशाचा मुद्दा मी सोडलेला नाही. ज्याच्या पूर्वजाला सुळाच नव्हता, त्याला कितीही दाट झाडीत नेऊन सोडलं तरी सुळा फुटणार नाही. चौसिंगा बघा. छोटा, एकटा, झाडीत राहणारा, अगदी भेकरासारखं जगणं. पण तो गाई-बकऱ्यांच्या कुळातला. त्याने वर आणखी दोन शिंगं वाढवली, सुळा नाही.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. चौसिंग्याचा दाखला त्यांना लागला असावा, कारण तो त्यांच्या पाहण्यातला प्राणी. मग त्यांनी वाद बैलबाजारात नेला.

नाना : दातांचं आम्हालाही थोडं कळतं, ताई. वरखेडीच्या बाजारात बैल घ्यायचा तर आधी खालचा ओठ ओढून दात बघतात. दुधाचेच असले तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठ झाले की बैल जुळला. त्यावर वय आणि त्यावर भाव. वर समोर दातच नसतात, नुसती हिरडीची गादी. यात सुळा कुठे आला?

ताई : जुळताना जी शेवटची जोडी येते ना, तीच.

नाना : काय सांगू राहिल्या?

ताई : खालचे आठ दात सगळे सारखे दिसतात, पण त्यांतले सहा समोरचे पटाशीचे आणि कडेचे दोन मुळात सुळे आहेत. ते पुढे सरकले, चपटे झाले, पटाशीच्या रांगेत जाऊन बसले आणि गवत कापू लागले. बैल, म्हैस, शेळी, सांबर, भेकर, सगळ्यांचं असंच. म्हणजे खालचा सुळा असलेलं हरीण हा अपवाद नाहीच. तुम्ही आयुष्यभर बैल जुळलाय की नाही ते सुळ्यावरून ठरवत आलात.

एवढ्या साध्या, रोजच्या व्यवहारात दडलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खानदेशातला कुठलाही शेतकरी बैलाचे दात अचूक वाचतो. त्याला फक्त शेवटच्या जोडीची कुळकथा कोणी सांगितलेली नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला माणसाच्या जबड्याचं चित्र काढून घेतात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गोठ्यात याहून चांगला धडा उभा असतो.

नाना : मग घोड्याचंही असंच का? सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, घोडा घेणारे तोंड उघडून बघतात. पुढचे दात संपले की थोडी जागा रिकामी, मग नराला एक टोकदार दात. घोडीला बहुतेक नसतोच.

ताई : तो सुळाच. चार-पाच वर्षांचा झाला की येतो. घोडा गवत खातो, तरी नराला सुळा असतो, कारण घोडे एकमेकांना चावून भांडतात. सुळा म्हणजे मांसाहार, हे समीकरण इथेच मोडतं. भेकराच्या मादीलाही सुळा असतो, पण अगदी लहान, बाहेर न दिसणारा. खाण्यासाठी असता तर दोघांना सारखाच असता.

नाना : मग मी म्हणतो तेच आलं. दात जिकडे काम तिकडे जातो. खालचा गवताला गेला, वरचा लढाईला गेला. काम नसेल तिथे गेला.

ताई : काम संपल्यावर लगेच जात नाही, एवढंच माझं म्हणणं. रेंगाळतो, लाखो वर्षं रेंगाळतो. सांबराच्या त्या बोथट सुळ्याचं काम मला दाखवा.

नाना : ते मला दाखवता येणार नाही.

इथपर्यंत वाद दातांचा होता. पुढचा वाद माणसांचा आहे, आणि मी या दोघांना एकत्र बसवलं ते त्यासाठी.

नाना : मला राग कशाचा येतो सांगू? शाळेच्या भिंतीवर हरीण काढतात. मोठे डोळे, अंगावर ठिपके, तोंडात काही नाही. मुलांना तेवढंच हरीण माहीत. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात कठडा नसलेल्या विहिरीत प्राणी पडतात. भेकर पडलं की पोरं हौसेने उतरतात, गरीब जनावर आहे म्हणून गळ्यात हात घालतात. तो नर असला तर मनगट फाडतो. मग तीच पोरं म्हणतात, हे हरीण पिसाळलेलं होतं. पिसाळलेलं नव्हतं हो. जसं असतं तसं होतं.

ताई : पण नाना, त्या गरीब हरणाच्या चित्रामुळेच मुलं विहिरीत उतरतात. त्याच्या जागी लांडगा असता तर दगड घेऊन गोळा झाली असती. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती, तेव्हा त्या बाजूला प्रत्येक बिबट्याकडे लोक कसे बघू लागले ते आठवा. भीतीत प्राण्याला जागा नसते. हरणाच्या सौम्यपणावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची माया आहे, ती मोडून मी हातात सुळा ठेवू का?

नाना : मोडू नका. पण जे नाही त्याच्यावर केलेली माया किती टिकते? भेकर मृदू असेल तर वाचवायचं आणि चावलं तर नाही, असं होतं. आणि मृदूपणाच्या नादात भेकर बाजूलाच राहतं. लोक जंगलात येतात, चितळांचा कळप, मोर, वाघ मागतात. भेकर एकटं, झुडपात, दिसलं तर शेपटीचा पांढरा झपका. त्याचं भुंकणं ऐकलं तर कुत्रा समजतात. वाघ-बिबट्या जवळ असला की ते अर्धाअर्धा तास भुंकतं, सगळ्या रानाला खबर देतं. ते कोणाच्या भिंतीवर नाही.

ताई : हे मात्र खरं. आणि त्याच्यात नवल फक्त दाताचंच नाही. 1970 मध्ये कळलं की भारतीय भेकराच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं फक्त 6 असतात, नरात 7. त्याच्या चिनी भावंडाला 46. सस्तन प्राण्यांत एवढी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कोणाची माहीत नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांत भेकराच्या पेशी वाढवल्या जातात. जळगावचा माझा विद्यार्थी परीक्षेत तो आकडा लिहितो, पण ते जनावर आपल्याच सातपुड्यात, पालच्या डोंगरात आहे, हे त्याच्या गावी नसतं.

नाना : सांगा मग त्याला. सुळ्यासकट सांगा.

मी इथे नानांच्या बाजूने आहे. ज्याला आपण जपायचं म्हणतो, त्याचं तोंड तरी आपल्याला नीट माहीत असावं. पण ताईंची काळजीही पोकळ नाही, कारण सुळा ओळखीचा झाला की त्याची हावही येते. दाताची हाव माणसाला फार जुनी आहे. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हरणाच्या दाताला भोक पाडून केलेलं लोलक सापडलं. 2023 मध्ये त्या दातात मुरलेल्या डीएनएवरून ते सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने हाताळलं होतं, हे कळलं. साधारण त्याच युगात आपल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणे इथे, माणसं शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी करत होती आणि कवचावर रेघांची नक्षी कोरत होती. एस. ए. साळी यांनी 1970च्या दशकात तिथे उत्खनन केलं. खानदेशात तेव्हा शहामृग होते! ते गेले, मणी उरले. युरोपात तांबड्या हरणाचे छोटे सुळे सोन्याचांदीत मढवतात, उत्तर अमेरिकेत मैदानी जमातींच्या स्त्रियांच्या पोशाखांवर वापिटी हरणाच्या सुळ्यांच्या रांगा असत.

ताई : म्हणूनच भीती वाटते. भेकराचा सुळा गळ्यात घालायला छान दिसतो, असं कोणाच्या मनात येऊ नये.

नाना : 1972च्या कायद्यात दातही येतो. शिकार तर गुन्हा आहेच, पण रानात मेलेल्या जनावराचा दात काढून खिशात घातला तरी तो सरकारचा माल आहे. तावीज म्हणून मागणारे मी पाहिलेत. त्यांना एकच सांगायचो, त्या दाताने भेकराला वाचवलं नाही, तुम्हाला कुठून वाचवणार?

ताई : एक राहिलं. चितळात सुळा बहुधा गेला असं मी म्हणाले. पण कधीमधी एखाद्याच्या वरच्या जबड्यात तांदळाएवढा सुळा निघतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणातही असंच, फार क्वचित. त्याला काम नाही, आकार नाही, तो लढत नाही. तिथे तरी तुम्ही माझं मानाल? जनुकांत राहून गेलेली जुनी गोष्ट एखाद्या पिढीत वर येते.

नाना : तिथे मानतो. चितळाचा सुळा तुमचा, भेकराचा माझा.

ताई : मग मला कवट्यांची नोंद हवी. यावल अभयारण्य 1969 मध्ये झालं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. अनेर धरणाचं 1986 मध्ये, त्याच्या निम्म्याहून लहान. अनेरमध्ये भेकर आणि चिंकारा दोन्ही आहेत, म्हणजे सुळेवाला आणि बिनसुळ्याचा एकाच रानात. सांबर, भेकर, चितळ असेल तिथे चितळ, कवटी दिसली की वरच्या जबड्याचे दोन्ही बाजूंनी फोटो, जागा, तारीख. हाड उचलायचं नाही, जागेवरच ठेवायचं आणि वनरक्षकाला सांगायचं. एवढं केलं तरी आपल्या भागात कोणाला किती वेळा सुळा निघतो, हे पहिल्यांदा लिहिलं जाईल.

नाना : नोंद करा, पण आधी भेकर राहू द्या. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथून आग सुटते आणि घळीत उतरते. अंजन, साग मोठी झाडं निभावतात. खालचा झुडोरा जातो, आणि भेकराचं सगळं घर त्या झुडोऱ्यातच असतं. मघाशी सांगितलं ना तुम्हीच, दाट झाडीत सुळा परवडतो. झाडी विरळ झाली की भेकर मोकळ्यावर येऊन जगत नाही. अतिक्रमणाचं तर वेगळंच. माझ्या मते पहिला पैसा आग अडवणाऱ्या जाळरेषेवर, कवट्यांवर नंतर.

ताई : दोन्ही एका फेरीत होईल. जाळरेषा काढायला जी माणसं रान पालथं घालतात, त्यांनाच कवट्या दिसतात.

नाना : दिसतात. पण कवटी उलटी करून जबडा कोणी बघत नाही.

ताई : ते शिकवायला मी येते. विद्यार्थी घेऊन येते, पालला.

नाना : जानेवारीत या. फेब्रुवारीत आमची माणसं आगीच्या कामाला लागलेली असतात, मग कोणाला वेळ नसतो.